“ताई, पोरं येतच नाहीत”

समुपदेशक म्हणून हे वाक्य मी इतक्या तोंडून ऐकलंय की पुढचं मला पाठ आहे. भजनी मंडळाचे अध्यक्ष, देवळाचे विश्वस्त, चर्चचे पंच, सगळ्यांचा राग मोबाइलवर. म्हणून इथल्याच, नाशिकच्या, एका ख्रिस्ती मंडळीच्या तरुण संघाच्या सेक्रेटरीची गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील बदललेत.

वय सव्वीस, सातपूरला शिफ्टची नोकरी. झोप उडालेली, पित्त खवळलेलं. “पस्तीस नावं आहेत, शनिवारी येतात सात. पंच कमिटी मलाच बोलते.”

दोन भेटी मी त्याच्या झोपेवरच घालवल्या, हे कबूल करते. तिसऱ्या भेटीत सहा महिन्यांचे कार्यक्रम लिहायला लावले. बायबल क्विझ, गायन स्पर्धा, नाताळचं नाटक, पुन्हा क्विझ.

“यातलं कोण आलं नाही तर काम अडतं?”

“मी.”

“आणि बाकीचे?”

“बाकीच्यांसाठीच तर मी सगळं करतो ना!”

बोलला आणि थांबला. मीही गप्प राहिले. माझ्या कामात बोलण्यापेक्षा हेच अवघड, आणि ते मला बऱ्यापैकी जमतं. पंखा फिरत होता. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, “म्हणजे त्यांनी येऊन नुसतं बसायचं.” डोळे भरले होते.

खुर्च्या, साउंड, गाण्यांची निवड, समोसे, सगळं याच्याच हातचं. पोरांना बसायला जागा होती, शिरायला फट नव्हती. मी मानसशास्त्रज्ञ ॲडलरच्या वळणाची. आपण इथले आहोत आणि इथं आपला उपयोग आहे, एवढं माणसाला जाणवलं की बरंच सुटतं, असं माझं मत. पस्तीसजणांचं तर झालंच, पण या एकाला आपला उपयोग संपेल याचीच भीती होती. पित्ताचं मूळ तिथं होतं.

पुढच्या खेपेला त्यानंच बायबलमधलं लूक 2:52 काढून आणलं. येशू ज्ञानानं, शरीरानं, देवाच्या आणि माणसांच्या कृपेत वाढत गेला. चार बाजू, महिन्याचे चार शनिवार. एक अंगमेहनतीचा, पांडवलेणी चढायची. एक घरी अडकलेल्या म्हाताऱ्यांचं किराणा-लाइटबिल बघण्याचा. एक प्रार्थनेचा, पण “देव ऐकत नाही” असं म्हणायची मुभा असलेला. पाळकसाहेबांनी तेव्हा फक्त ऐकायचं. (त्यांना ते जड गेलं.)

चौथा डोक्याचा. त्यात एका निवृत्त शिक्षकांनी नाशिकच्याच शरणपूरचं सांगितलं. गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकी मुलं तिथल्या मिशनमध्ये शिकली, हातकामही शिकली. त्यांतल्या जेकब वेनराइटनं आफ्रिकेत फिरलेला मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टन याचा मृतदेह आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत आणायला साथ दिली आणि 1874 मध्ये लंडनला दफनालाही तो हजर होता. मागच्या बाकावरून प्रश्न आला, “हे आम्हाला कधी कोणी सांगितलं का नाही?” पुढचा शनिवार त्या मुलाकडेच सोपवला.

असं काही सुरू करणाऱ्यांनी थोडं ध्यानात ठेवा. हिशेबाची वही पोरापोरींच्या हातात द्या, वडीलधाऱ्यांनी महिन्याला एकदा बघावी. अठराच्या आतली मुलं असतील तिथं दोन मोठी माणसं हवीतच. सहलीला पालकांची लेखी परवानगी घ्या, रात्री एकेकट्या मुलाशी चॅटिंग नको. जानेवारी ते मार्च बोर्डाच्या पोरांना मोकळं सोडा. आणि सुरुवातीला साउंड मध्येच बंद पडेल, समोसे कमी येतील. पडू द्या, येऊ द्या. कमिटी कुरकुरेल, तिला आधीच सांगून ठेवा. हजेरी मोजायचं थांबवा. ही शेवटची गोष्ट त्याला सगळ्यात कठीण गेली.

चार महिन्यांनी फोन आला. “ताई, या शनिवारी मी गेलोच नाही. सेकंड शिफ्ट होती.”

“मग?”

“कोणी फोनसुद्धा केला नाही मला.”

“कसं वाटलं?”

“आधी वाईट वाटलं.” जरा थांबला. “मग घरी आलो आणि रविवारी उपासनेच्या वेळेपर्यंत झोपलो.”