मेळ्यात घ्यावी, की नव्या मॉडेलची वाट पाहावी?

वाचकांचे प्रश्न : मोटारगाडी

डिसेंबर लागला की ग्वाल्हेरहून येणाऱ्या पत्रांत एकच प्रश्न फिरून फिरून येतो. शोरूमवाले वर्षअखेरची सूट ३१ तारखेपर्यंतच म्हणतात, घरचे म्हणतात व्यापार मेळा लागू दे, त्यात टॅक्समध्ये सूट मिळते, आणि मोबाइलवर काळ्या-पांढऱ्या नक्षीत झाकलेल्या नव्या मॉडेलचे फोटो येत राहतात. त्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत.

साडेनऊ लाखांच्या आसपासची पेट्रोल कॉम्पॅक्ट एसयूव्ही घ्यायची आहे. दोन-तीन महिन्यांत तिचे फेसलिफ्ट येणार असे ऐकतो. सध्याच्या गाडीवर शोरूम ६५ हजारांची सूट देते आहे. घ्यावी की थांबावे? — वाचक, दौलतगंज, लष्कर

आधी त्या ६५ हजारांची फोड कागदावर मागा. समजा त्यात ४० हजार रोख सूट, २० हजार एक्सचेंज बोनस आणि ५ हजार कॉर्पोरेट सूट आहे. तुमच्याकडे बदलून द्यायला जुनी गाडी नसेल आणि तुमची संस्था त्यांच्या यादीत नसेल, तर तुमच्या हाती ४० हजारच येतात. पुढचा सगळा हिशेब या ४० हजारांवर करा.

मग बदलणार काय, ते पाहा. ‘नवीन मॉडेल’ या एकाच नावाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी खपतात. पहिली म्हणजे वर्षागणिक होणारी किरकोळ फेरफार : एखादा रंग जातो, एखाद्या व्हेरिएंटला मागचा कॅमेरा मिळतो. यासाठी थांबण्यात अर्थ नाही. दुसरी फेसलिफ्ट, साधारण तीन-चार वर्षांनी होणारी. पत्र्याचा मूळ सांगाडा तोच राहतो. बंपर, दिवे, ग्रिल, डॅशबोर्ड बदलतात. तिसरी म्हणजे पिढीच बदलणे. त्यात सांगाडा, कधी इंजिनही नवे येते. मे २०२४ मध्ये आलेल्या स्विफ्टमध्ये चार सिलिंडरचे १.२ लिटर इंजिन जाऊन तीन सिलिंडरचे आले आणि सहा एअरबॅग सगळ्या व्हेरिएंटना मिळाल्या. ज्यांना जुन्या इंजिनाचा मऊपणा आवडत होता, त्यांनी आधी घेतली ते चुकले नाहीत. ज्यांना बेस व्हेरिएंटच परवडत होता, त्यांनी थांबून सहा एअरबॅग मिळवल्या तेही चुकले नाहीत.

फेसलिफ्ट म्हणजे नुसती रंगरंगोटी, असे मात्र धरून चालू नका. सप्टेंबर २०२३ च्या नेक्सॉनमध्ये चेहऱ्याबरोबर सहा एअरबॅग सर्व व्हेरिएंटमध्ये आल्या. जानेवारी २०२४ च्या क्रेटामध्ये नवे टर्बो पेट्रोल इंजिन आणि ड्रायव्हरला मदत करणारी एडास यंत्रणा आली. उलट २०२५ मध्ये बलेनो आणि एर्टिगाला सहा एअरबॅग मिळाल्या, पण चेहरा तोच राहिला. म्हणून फोटोंपेक्षा सुरक्षेची यादी महत्त्वाची. आमचे मत स्पष्ट आहे : तुमच्या बजेटच्या व्हेरिएंटमध्ये आज दोनच एअरबॅग असतील आणि नव्यात सहा येणार असतील, तर ४० हजारांसाठी जुनी घेऊ नका. फक्त दिवे, बंपर आणि स्क्रीनचा आकार बदलणार असेल, तर जुनी बिनधास्त घ्या.

पण यादी आधी कळणार कशी? कंपन्या बहुधा बाजारात उतरवण्याच्या काही आठवडे आधी नव्या गाडीचे बुकिंग उघडतात आणि त्याच सुमारास व्हेरिएंटनिहाय माहितीही बाहेर येते. तोवर थांबता येत असेल तर थांबा. नवी आली म्हणून जुन्या गाड्या त्याच दिवशी संपत नाहीत. शोरूमकडे उरलेला स्टॉक असतो आणि त्यावरची सूट बहुतेक वेळा वाढतेच. तेव्हा रंग आणि व्हेरिएंट मिळेल तो घ्यावा लागतो, एवढीच अडचण. पांढरी किंवा करडी चालणार असेल, तर हा तिसरा मार्ग या दोन्हींपेक्षा बरा.

गाडी किती वर्षे ठेवणार, तेही महत्त्वाचे. आठ-दहा वर्षे ठेवणाऱ्याला शेवटी जुन्या चेहऱ्याचा फारसा तोटा होत नाही. तीन-चार वर्षांत विकणाऱ्याला होतो, कारण जुन्या गाड्यांचा व्यापारी आधी आकार बघतो, मग आरसी. किती होतो, ते अंदाजाने ठरवू नका. २०२३ च्या अखेरची जुन्या चेहऱ्याची क्रेटा आणि २०२४ च्या सुरुवातीची नव्या चेहऱ्याची क्रेटा, त्याच व्हेरिएंटची, तेवढीच चाललेली, आज आपल्या शहरात कितीला विकायला आहे ते पाहा. त्या दोन किमतींतल्या फरकाशी तुमची सूट ताडून पाहा.

आणखी एक. नव्या मॉडेलची किंमत ९.८० वरून १०.१० लाख झाली, तर फरक तीस हजारांचा राहत नाही. दहा लाखांवरच्या गाडीवर पूर्ण रकमेच्या १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने ग्राहकाकडून गोळा करायचा आयकर, कापला जातो. आयकर विवरणपत्रात तो वळता होतो, पण घेताना खिशातून दहा हजार जातातच. मध्य प्रदेशातला लाइफटाइम टॅक्स, म्हणजे नोंदणीच्या वेळी एकदाच भरायचा रस्ताकर, तोही किमतीच्या टप्प्यांप्रमाणे चढतो. म्हणून तुलना नेहमी टॅक्स, विमा, नोंदणी धरून होणाऱ्या ऑन-रोड आकड्यांची करा, एक्स-शोरूमची नाही.

डिसेंबरची सूट मोठी, की मेळ्यातली टॅक्समाफी? — वाचक, शिंदे की छावणी

ग्वाल्हेरचा व्यापार मेळा १९०५ पासूनचा, माधवराव शिंद्यांच्या काळातला. त्यात घेतलेल्या खासगी गाडीच्या लाइफटाइम टॅक्समध्ये राज्य सरकार ५० टक्के सूट देत आले आहे. पण ही सूट आपोआप लागू होत नाही. तिची घोषणा दर मेळ्यासाठी सरकार नव्याने करते आणि मेळ्याचे उद्घाटन होऊनही ती लांबू शकते. घोषणेआधी बिल फाडून घेऊ नका. ‘मागाहून परत मिळेल’ हे शोरूमचे तोंडी वचन उपयोगाचे नाही.

हिशेब असा मांडा. समजा टॅक्स ७६ हजार होतो. मेळ्यात तो ३८ हजार. डिसेंबरमध्ये रोख सूट ४० हजार होती आणि मेळ्यात तीच सूट १५ हजारांवर आली, तर मेळ्यात एकूण ५३ हजार वाचले, म्हणजे डिसेंबरपेक्षा १३ हजार जास्त. मेळ्यात टॅक्समाफीचा फलक मोठा आणि कंपनीची सूट बारीक अक्षरात, असे होते. म्हणून सरकारची सूट आणि शोरूमची सूट कोटेशनवर दोन वेगळ्या ओळींत लिहून घ्या. जानेवारीत बऱ्याच कंपन्या किमती वाढवतात, तेही यात धरा.

१६ डिसेंबरच्या सुमारास धनुर्मास लागतो, तो संक्रांतीपर्यंत. इकडे त्याला खरमास म्हणतात आणि बरेच लोक त्यात गाडी घरी आणत नाहीत. तुम्हाला मुहूर्ताचे बंधन नसेल, तर सेल्समनशी घासाघीस करायला हेच चार आठवडे चांगले. पितृपक्षाचेही तसेच.

डिसेंबरचा खरा तोटा मात्र वर्षाचा असतो. नोव्हेंबरात बनलेली गाडी जानेवारीत घेतली, तरी आरसीवर निर्मितीचे वर्ष मागचेच लागते आणि विकताना ती एक वर्ष जुनी धरली जाते. मेळ्यात घेताना गाडी नव्या वर्षाची आहे का, हे विचारा. मागच्या वर्षाची असेल तर तिच्यावर जास्त सूट हक्काने मागा.

गाडी कोणत्या महिन्यात बनली, हे स्वतः कसे ओळखावे? — वाचक, मुरार

पूर्ण पैसे भरण्याआधी चॅसिस नंबर मागा. तो १७ अक्षर-अंकांचा असतो. आपल्याकडच्या बहुतेक कंपन्यांच्या नंबरात दहावे अक्षर निर्मितीचे वर्ष सांगते : ‘आर’ म्हणजे २०२४, ‘एस’ म्हणजे २०२५, ‘टी’ म्हणजे २०२६. महिन्याच्या अक्षराची जागा कंपनीप्रमाणे बदलते, म्हणून महिन्यासाठी फॉर्म २१ बघा. विक्रीच्या या दाखल्यात निर्मितीचा महिना आणि वर्ष लिहिण्याची जागाच असते.

पडताळणीसाठी टायरजवळ वाका. टायरच्या बाजूवर लंबगोल चौकटीत चार आकडे उठवलेले असतात. ‘४७२५’ म्हणजे २०२५ चा ४७ वा आठवडा, नोव्हेंबरचा उत्तरार्ध. हे आकडे टायरच्या एकाच बाजूला असतात, त्यामुळे कधी कधी आतल्या अंगाला मोबाइल धरून फोटो काढावा लागतो. स्टेपनी धरून पाचही टायर पाहा. टायर गाडीच्या महिना-तीन महिने आधीचा असणे स्वाभाविक आहे. गाडी सप्टेंबरची आणि एकच टायर डिसेंबरचा, असे दिसले तर तो बदललेला आहे. का बदलला ते विचारा.

इंदूरला राहतो. मेळ्यातून गाडी घेतली तर एमपी ०९ नंबर मिळेल का? — वाचक, रामबाग, इंदूर

नाही. मेळ्याची सूट ग्वाल्हेर आरटीओत नोंदलेल्या गाडीलाच मिळते, त्यामुळे नंबर एमपी ०७ येतो. राज्य तेच असल्याने इंदुरात तो चालवायला काही आडकाठी नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यानुसार आपल्या राज्यातल्या कुठल्याही नोंदणी कार्यालयात गाडी नोंदवता येते. गाडी चालवत आणणार असाल, तर अंतर सुमारे ५०० किलोमीटर आहे. पहिल्याच प्रवासात तासन् तास एकाच वेगावर ठेवू नका. वेग बदलता ठेवा, ताशी ८०-९० च्या आत राहा, आणि निघण्यापूर्वी टायरची हवा दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे करून घ्या. वाहतुकीसाठी भरलेली जादा हवा काढायची राहून गेलेली असू शकते. उज्जैनच्या विक्रम व्यापार मेळ्यातही २०२४ मध्ये अशीच सूट होती. इंदूरहून तो जवळ पडतो, तेव्हा त्याच्या घोषणेकडेही लक्ष ठेवा.

सात महिने यार्डात उभी असलेली जुन्या चेहऱ्याची गाडी ८५ हजार सुटीत मिळते आहे. धोका काय? — वाचक, सिटी सेंटर

वॉरंटी साधारणपणे विक्रीच्या तारखेपासून सुरू होते, त्यामुळे ती बुडत नाही. धोका उभे राहण्याचा आहे, तोही ग्वाल्हेरच्या उन्हात.

सर्वात आधी मरते ती बॅटरी. गाडी काही तास बंद असताना मल्टिमीटरने व्होल्टेज मोजायला सांगा. १२.६ असेल तर बॅटरी पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे जेमतेम निम्मी. महिनोन् महिने निम्मीअर्धी राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेटचा थर धरतो. मग चार्ज करून ती त्या दिवशी चालते आणि चार महिन्यांनी सकाळी दगा देते. तुमच्यासमोर जंप-स्टार्ट करावे लागले, तर नवी बॅटरी डिलिव्हरीच्या अटीत लिहून घ्या.

टायर एकाच जागी दबून चपटे होतात. टेस्ट ड्राइव्ह त्याच गाडीची मागा. ४०-५० च्या वेगाला चाकातून ठपठप ऐकू येत असेल, तर १५-२० किलोमीटर चालवून टायर गरम होऊ द्या. तरीही आवाज राहिला तर टायर बदलून मागा. ब्रेक डिस्कवरचा नारिंगी गंज पाच-सहा ब्रेकमध्ये पुसला जातो, त्याची काळजी नको. ब्रेक दाबताना पेडल थरथरत असेल तर मात्र करा.

आणि उंदीर. यार्डातल्या गाडीचे ग्लोव्ह बॉक्समागचे एसी फिल्टर बाहेर काढायला लावा. लेंड्या किंवा कुरतडलेला कागद दिसला तर ती गाडी सोडा, सूट लाखाची असली तरी. वायरिंगमधला दोष दोन वर्षांनीही डोके वर काढतो. वायपरचे रबर आणि छतावरचे पक्ष्यांच्या विष्ठेचे डाग किरकोळ आहेत. रंगाची जाडी मोजायचे यंत्र मिळाले तर फिरवा. कारखान्यातला रंग साधारण १००-१५० मायक्रॉन भरतो. एकाच दारावर २०० च्या वर गेला, तर ते दार पुन्हा रंगवलेले असावे.

नियम बदलायच्या सुमारास मात्र जुना स्टॉक घेताना दुप्पट सावध राहा. १ एप्रिल २०१७ ला जुन्या प्रदूषण मानकाच्या बीएस-३ आणि १ एप्रिल २०२० ला बीएस-४ गाड्यांची विक्री बंद झाली, तेव्हा शेवटच्या दिवसांत मोठ्या सवलती होत्या आणि नोंदणी वेळेत होते की नाही याची धावपळही. अशा वेळी आरटीओची पावती हातात आल्याशिवाय सूट पदरात पडली, असे समजू नये.

बुकिंग केले आणि आठवड्याने किंमत वाढली. जुन्याच किमतीत मिळायला नको का? — वाचक, जयेंद्रगंज

बुकिंगच्या फॉर्मवर बहुधा ‘डिलिव्हरीच्या दिवशीची किंमत लागू’ असे छापलेले असते, आणि तसे असेल तर वाढीव किंमत द्यावी लागते. जीएसटीही बिलाच्या तारखेप्रमाणे लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांचा दर १८ टक्के झाला, तेव्हा ऑगस्टमध्ये बुकिंग केलेल्या पण त्या तारखेनंतर बिल झालेल्या लोकांना त्याचा फायदा मिळाला. नियम दोन्ही बाजूंनी कापतो. पुढच्या वेळी बुकिंग करताना व्हेरिएंट, रंग, निर्मितीचे वर्ष, सुटीची रक्कम आणि रद्द केल्यास किती पैसे किती दिवसांत परत मिळतील, हे फॉर्मवरच हाताने लिहून शोरूमचा शिक्का घ्या. नवे मॉडेल आल्यास बुकिंग त्यावर वळवता येईल का, तेही त्याच कागदावर लिहून घ्या.

जुन्या चेहऱ्याच्या गाडीचे पार्ट पुढे मिळतील ना? — वाचक, फूलबाग

इंजिन, क्लच, ब्रेक, सस्पेन्शन यांची चिंता नको. फेसलिफ्टनंतरही बहुतेक तेच भाग वापरात राहतात. अडते ते हेडलॅम्प, बंपर, ग्रिल आणि टेललॅम्पशी. त्यातही जो चेहरा वर्ष-दीड वर्षच बाजारात होता, त्याचे दिवे शोधायला जास्त फिरावे लागते. तुमच्या गाडीचा चेहरा किती वर्षे विकला गेला, तेवढे पाहून घ्या.