उतरली म्हणजे वाढली

"मॅडम, मी वरणात हळद खाल्ली म्हणून याले कावीळ झाली काय?"

ग्रामीण रुग्णालयातल्या माझ्या खोलीत हा प्रश्न नवा नाही. कधी हळद असते, कधी पिवळं बेसन. या वेळची बाई यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्याची, दुसरं बाळंतपण, लेकरू चार दिवसांचं. आशाताई तिसऱ्या दिवशी घरी गेल्या, तेव्हाच "दवाखान्यात चला" म्हणाल्या होत्या. पण घरचे कापूस वेचायला गेलेले, आणि सासूबाईंनी तोवर गावातून काविळीची माळ आणून घातलेली.

माळ मी हातात घेऊन पाहिली. दोऱ्यात ओवलेले ओल्या काड्यांचे तुकडे. सुकले की आकसतात, दोरा सैल पडतो आणि माळ खाली लोंबते. सासूबाई समाधानानं म्हणाल्या, "काल गळ्याशी होती, आज छातीवर आली. उतरून रायली कावीळ."

मी बाळाला खिडकीशी नेलं. नाकाचा शेंडा बोटानं दाबून सोडला, की कातडीखालचा रंग क्षणभर दिसतो. तिथं पिवळं. पोटावर पिवळं, मांडीवर पिवळं, तळपायालाही झाक. नवजात बाळात पिवळेपणा तोंडाकडून पायाकडे जातो. म्हणजे तो खाली उतरला, तर कावीळ वाढली. "आजी, इथं उतरणं चांगलं नाही," एवढंच म्हटलं. त्या गप्प झाल्या. बाळंतिणीच्या अंधाऱ्या खोलीत हे दिसणार तरी कसं?

डॉक्टर येईपर्यंत मी बाईशी बोलत बसले. बहुतेक बाळं थोडीफार पिवळी होतातच. त्यांच्या तांबड्या पेशी लवकर फुटतात आणि त्यातून निघालेलं पिवळं द्रव्य, बिलीरुबिन, बाहेर टाकायला कोवळं यकृत पुरं पडत नाही. आईच्या ताटातल्या हळदीचा त्यात काही हात नसतो. पण काही बाळांत ते धोक्याच्या पातळीला जातं, मेंदूपर्यंत पोचू शकतं. कोणत्या बाळांत, ते कार्डावरच दिसत होतं. बाळ 36 आठवड्यांचं. आई ओ पॉझिटिव्ह, बाप बी. बाळानं बापाचा गट घेतला असेल तर आईच्या रक्तातली प्रतिपिंडं त्याच्या पेशी फोडतात. जन्मताना 2400 ग्रॅम, आज 2150. दूध नीट उतरलं नव्हतं, आणि बाळ रडतं म्हणून मधूनमधून साखरपाणी. त्यानं पोट भरतं, पण शी होत नाही, आणि पिवळं द्रव्य आतड्यातून परत रक्तात जातं.

मग सहज विचारलं, "थोरल्याला झाली होती का?"

"झालती नं. लाइटीखाली ठेवलं होतं दोन दिवस."

मला चटका बसला. बाळंतपणानंतर दवाखान्यातून सुट्टी झाली, त्या दिवशी मी तिच्याशी वीस मिनिटं बोलले होते: तांबी, लोहाच्या गोळ्या, लसीकरण. माझ्या रजिस्टरात या सगळ्यांना रकाने आहेत, थोरल्याच्या काविळीला नाही. मीही विचारलं नाही. उलट "सकाळचं कोवळं ऊन दाखवा" असं सांगून पाठवलं. उन्हाचं माप नसतं, थंडीत बाळ गारठतं, आणि घरच्यांना उपचार सुरू असल्यासारखं वाटतं. आता मी ते सांगत नाही.

रक्ताच्या तपासणीत बिलीरुबिनचा आकडा 18 आला. 102 ची गाडी आली, जिल्ह्याच्या नवजात कक्षात बाळ दोन दिवस निळ्या प्रकाशाखाली राहिलं. त्या प्रकाशानं कातडीतलं द्रव्य पाण्यात विरघळणाऱ्या रूपात बदलतं आणि शी-शूतून निघून जातं. दर दोन तासांनी अंगावर पाजणंही चालूच होतं. बाळाचा गट बी निघाला.

तेव्हापासून मी रजिस्टराच्या समासात पेनानं लिहिते: थोरलं पिवळं? आईचा गट? उपकरण लावून काढलेल्या बाळाच्या डोक्यावर गाठ? जन्मल्या दिवशीच पिवळेपणा? तो पहिल्या 24 तासांत दिसला, तर वाट पाहायचीच नाही. बाळाचे कपडे डांबराच्या गोळ्यांच्या पेटीतले आहेत का, हेही विचारते; आमच्या भागात काही घराण्यांत जी-सिक्स-पीडी नावाचं, तांबड्या पेशींना जपणारं विकर (एन्झाइम) कमी असतं, त्या लेकरांना तो वासच बाधतो, पेशी फुटतात.

चौदाव्या दिवशी आशाताईंबरोबर मी घरी गेले. सासूबाईंनी लेकरू आपणच दाराशी उजेडात आणलं, नाक दाबलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"चढली का उतरली म्हणायचं मॅडम?"

"गेली म्हणा, आजी."