त्सुबावरची ‘पोती’ नव्हेत, मुड्या

जपानी तलवारीच्या त्सुबावर, म्हणजे मूठ आणि पातं यांच्या मधल्या धातूच्या चकतीवर, आडवी नळकांडी कोरलेली दिसतात. त्यांना ‘तांदळाची पोती’ म्हणावं का, अशी विचारणा आली आहे. अजिबात म्हणू नये! पोतं म्हटलं की तागाचं गोणपाट डोळ्यांपुढे येतं आणि कोरीवकाम ओळखणंच अवघड होतं. जपानीत हा ‘तावारा’, भाताच्या पेंढ्यात गुंडाळलेला. आपल्या कोकणात बियाण्याचं भात पेंढ्यात आवळून मुडी बांधतात, तिच्याच जातीचा. इतका नेमका शब्द घरात असताना पोतं कशाला?

पेंढ्याच्या रेघा लांबीच्या दिशेने, त्यांवर आडव्या दोऱ्या रुतलेल्या, दोन दोऱ्यांमधला भाग फुगलेला आणि टोकाला पेंढ्याचंच गोल झाकण, ‘सान्दावारा’. हे झाकण दिसलं की शंका उरत नाही. तरी कुणी मुडीला पिंप म्हणतं, तर कुणी ‘जाकागो’लाच मुडी ठरवतं. जाकागो म्हणजे काठ धुपू नये म्हणून दगड भरून ठेवलेली बांबूची लांबट टोपली. तिची वीण उघडी असते, शेजारी बहुधा लाटा असतात. लाटांत तांदूळ कोण ठेवील?

मुडीजवळ उंदीर किंवा हातोडा असला, तर तो दाइकोकु या देवाचा पसारा. आणि दाइकोकु म्हणजे आपला महाकाल! ‘काल’ म्हणजे वेळ आणि काळा रंगही. चिनी भाषांतरकारांनी रंग धरला आणि ‘मोठा काळा’ असं नाव केलं. त्याचा जपानी उच्चार दाइकोकु. ओकुनिनुशी या जपानी देवाच्या नावातली ‘मोठा देश’ ही अक्षरंही ‘दाइकोकु’ अशी वाचता येतात, म्हणून दोघे देव एकमेकांत मिसळले. उंदीर ओकुनिनुशीचा, हे मान्य. ७१२ सालच्या ‘कोजिकी’ या जपानी पुराणकथांच्या ग्रंथात उंदीरच त्याला आगीतून वाचवतो. पण दाइकोकुच्या खांद्यावरची थैलीसुद्धा त्याचीच म्हणणाऱ्यांशी माझं मुळीच जमत नाही. सातव्या शतकात भारतात आलेला चिनी भिक्षू इत्सिंग लिहून गेला आहे की, इथल्या विहारांत मुदपाकखान्याच्या खांबापाशी लाकडी महाकाल असे, हातात सोन्याची थैली घेतलेला, रोज तेल पुसून पुसून काळा पडलेला. थैली, स्वयंपाकघर, काळा रंग, सगळं एकाच मूर्तीत आहे! भारतीय महाकाल म्हणजे फक्त उग्र संहारक, असं धरून बसणारे हा उतारा वाचतच नाहीत.

मुड्या मात्र खास जपानी. तिथे त्या दाइकोकुचं आसन झाल्या. शेजारी गोम असली, तर देव विसरा. तो प्रसंग फुजिवारा नो हिदेसातो या योद्ध्याचा. राक्षसी गोम मारल्याबद्दल नागराजाने त्याला कधीच न संपणारी तांदळाची मुडी दिली, अशी कथा आहे. एदो काळात (१६०३ ते १८६८) कनिष्ठ सामुराईंचा पगारही मुड्यांतच मोजला जाई, त्यामुळे तलवारीवर धान्य कशाला, हा प्रश्न तिथे कुणाला पडला नसता.