शेखकडे न्यायचं की डॉक्टरकडे?

अमेरिकेतल्या मिनिआपोलिस शहराच्या सीडर-रिव्हरसाइड भागातल्या सोमाली आया समुपदेशनाच्या पहिल्याच भेटीत मला शेखबद्दल, म्हणजे कुराण पढून उपचार करणाऱ्या धर्मगुरूंबद्दल, विचारतात, "मुलाला मनाच्या आजारावर गोळ्या सुरू केल्या तर शेखकडे जाणं बंद करावं लागेल का?" नाही. पण नुसतं "नाही" म्हणून कुणाला पटत नाही. म्हणून ओळख पुसून एक घर सांगते.

मुलगा विशीतला. रात्र रात्र जागा, कानात आवाज. डॉक्टरांनी सायकोसिस, म्हणजे वास्तवाशी संबंध सुटणारा मनाचा आजार, सांगितलं, घरच्यांनी जिन. 1991 च्या यादवीत देश सुटलेली, केन्यातल्या दादाबच्या छावणीत दिवस काढलेली आई गोळ्या न चुकता आणायची आणि कपाटात ठेवायची. एकदा "वाली", म्हणजे वेड, असा शिक्का बसला की बहिणींची लग्नं अडतात. ओळखीतला दुभाषीही तिला नको होता. मग दुसऱ्या राज्यातला फोनवर घेतला.

गोळ्यांचा विषय मी बाजूला ठेवला. विचारलं, "शेख काय करतात?"

ती पहिल्यांदा मोकळी झाली. पिशवीतून तहलीलची बाटली काढली, कुराण पढून फुंकलेलं पाणी. "ते पढतात तेव्हा आम्ही सगळे भोवती बसतो. मावशी त्याचा हात धरते. मग त्याला थोडी झोप लागते."

"आणि दवाखान्यात?"

बराच वेळ ती बोलली नाही. "तिथं त्याला एकट्याला आत नेतात. मला बाहेर बसवतात."

मी कुटुंबाला धरून काम करणारी समुपदेशक. तरी तिच्या या वाक्यानं मला जे दिसलं ते कुठल्या प्रशिक्षणात दिसलं नव्हतं. पाश्चात्त्य पद्धतीत आजार एका माणसाचा असतो आणि गुप्तता ही त्याची ढाल. सोमाली पद्धतीत आजार घरावर आलेला असतो, घरानंच बसून तो काढायचा असतो. तिचं भांडण गोळीशी नव्हतंच, बंद दाराशी होतं.

मुलाच्या संमतीनं पुढच्या भेटीला आई आणि मावशी आत बसल्या. शेख फोनवर आले. औषध घ्यायला धर्माची आडकाठी नाही आणि आजाऱ्याला रोजा माफ आहे, हे त्यांनीच सांगितलं. मुलाला रोजे धरायचेच होते, तेव्हा डॉक्टरांनी गोळी इफ्तारनंतरची करून दिली. कपाट रिकामं झालं. या कामाचा मला अभिमान आहे.

शेखकडे जा, पण तिथं मिळालेली जडीबुटी डॉक्टरांना दाखवा. गोळ्या मनानं बंद करू नका. लिथियम हे मूड स्थिर ठेवणारं औषध चालू असेल तर डॉक्टरांना न विचारता रोजा धरू नका, शरीरातलं पाणी कमी झालं की ते रक्तात धोकादायक पातळीला जातं. आणि जिथं बांधतात, मारतात, डागतात, उपाशी ठेवतात, तिथून त्याच क्षणी निघा. आपल्या महाराष्ट्रातही भूत उतरवायच्या नावाखाली बांधणं, मारणं 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. जीव द्यायची भाषा सुरू झाली तर शेखची वाट बघू नका, थेट इमर्जन्सीत न्या.

आणि दवाखान्यात पहिल्याच दिवशी विचारा, "त्याची हरकत नसेल तर मी आत बसू का?"