मुलीच्या फीची ठेव मोडून सिरॅमिक शिल्प घ्यावे का?

सप्रेम नमस्कार.

मुंबईत काळा घोडा परिसरातील एका कलादालनात पाहिलेले अमूर्त सिरॅमिक शिल्प २ लाख ८० हजार रुपयांना घ्यावे का, असे आपण विचारले आहे. सात वर्षांत किंमत दुप्पट होईल, असे दालनाने तोंडी सांगितले आहे आणि पुढील जूनमध्ये मुलीच्या अभियांत्रिकी प्रवेशासाठी लागणारी मुदत ठेव मोडण्याचा आपला विचार आहे. शिल्पापुढून पाय निघत नव्हता, हे आपले वाक्य मी दोनदा वाचले. त्या ओढीचा मान राखूनच लिहिते, की ही ठेव मोडू नये.

मूळ शिल्पांवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, तरीही आपल्या खिशातून २ लाख ९४ हजार जातील. हीच रक्कम ७ टक्के दराने सात वर्षे राहिली, तर करापूर्वी सुमारे ४ लाख ७२ हजार होते. शिल्प विकून तेवढे हाती यायचे, तर विक्रीची दलाली १० टक्के धरल्यास ते सव्वापाच लाखांना जायला हवे. शिवाय घरात शोभेसाठी ठेवलेले असले, तरी प्राप्तिकराच्या दृष्टीने शिल्प ही भांडवली मालमत्ताच असते आणि दोन वर्षांनंतर विकल्यास नफ्यावर १२.५ टक्के कर लागतो.

त्याहून मोठी अडचण पुढचा ग्राहक मिळण्याची आहे. पुदुच्चेरीच्या गोल्डन ब्रिज पॉटरीने १९७१ पासून कलावंत घडवले, २०१८ मध्ये जयपूरला भारतीय सिरॅमिकचे त्रैवार्षिक प्रदर्शन भरले, त्यामुळे या कलेच्या दर्जाबद्दल मला शंका नाही. परंतु लिलावांतील मोठ्या बोली आजही मुख्यतः नामवंतांच्या चित्रांवर लागतात. म्हणून दालनाला विचारावे, की हे शिल्प आपण परत घ्याल का, आणि घ्याल तर किती रुपयांना, हे लेखी द्याल का?

माध्यमाची जोखीमही निराळी आहे. माझ्या एका अशिलांच्या घरी, घर बदलताना स्टोनवेअरच्या, म्हणजे कडक भाजलेल्या मातीच्या, शिल्पाचा बोटभर कंगोरा उडाला; जोड बेमालूम बसला होता, तरी मूल्यांकन करणाऱ्याने टॉर्चचा उजेड तिरका टाकताच झिलईखालची रेघ लख्ख दिसली आणि किंमत तिथेच कोसळली. घरविम्यात अशा वस्तूची मूल्यासह स्वतंत्र नोंद करावी लागते आणि फुटण्याचे नुकसान त्यात धरले आहे का, हेही तपासावे लागते.

प्रवेशाची फी भरून झाल्यावर, वार्षिक बोनसमधून, दालन तयार असेल तर हप्त्यांनी, हे शिल्प जरूर घ्यावे. मात्र ती रक्कम हौसेच्या खर्चात मांडावी. त्याच कलावंताची लहान कलाकृती मिळत असेल, तर तीही पाहावी. घेताना बुडाची सही, निर्मितीचे वर्ष, सत्यता प्रमाणपत्र आणि जीएसटीचे पक्के बिल यांवरील तपशील एकमेकांशी जुळवून मगच पैसे द्यावेत.