मेडिव्हल 2 मध्ये फक्त तिरंदाजांच्या जोरावर तटबंदीचं शहर राखता येतं का?

तुम्ही सहाच्या सहा तिरंदाज तुकड्या तटावर ओळीने उभ्या केल्या आणि शिड्या लागल्यावर काही मिनिटांत शहर गेलं, असं प्रश्नात लिहिलंय. 'मेडिव्हल 2: टोटल वॉर' या मध्ययुगीन लढायांच्या कॉम्प्युटर गेममध्ये माझीही सुरुवातीची कित्येक शहरं अशीच गेली आहेत. शत्रू वर चढेपर्यंत तिरंदाज तटावर थांबू द्यायचे, ही आपली चूक. तलवारवाले एकदा वर पोचले की तिरंदाजांची नुसती कत्तल होते.

निव्वळ तिरंदाजांवर शहर राखणं अवघड आहे. निदान दोन भालेवाल्या तुकड्या हव्यातच, अगदी स्पिअर मिलिशिया (साधे नागरी भालेवाले) असली तरी चालेल.

लढाई सुरू होण्याआधी तिरंदाजांचा स्कर्मिश मोड बंद करा. नाहीतर शत्रू जवळ आला की ते तटावर इकडून तिकडे पळत सुटतात आणि बाण मारायचे राहूनच जातात. मग बाण कुणावर टाकायचे ते स्वतः ठरवा. फायर ॲट विलवर सोडलंत तर समोर दिसेल त्यावर बाण उधळले जातात, आणि भाता काही अक्षय नसतो. आधी शत्रू तटावर चढायला ढकलत आणतो तो लाकडी मनोरा, मग दरवाजा फोडायला येणारा ओंडका. या दोघांवर पेटते बाण टाका. माणसांवर मात्र साधेच बरे, कारण पेटत्या बाणांचा नेम कच्चा असतो. त्यांनी शत्रूचा धीर खचतो हे खरं, पण ते अस्त्र तो मागे सरायच्या बेतात असताना काढावं. शिड्या काही पेटत नाहीत, तेव्हा शिडी वाहणाऱ्या तुकडीलाच झोडपायचं. ती पळाली तरी निर्धास्त होऊ नका, टाकलेली शिडी दुसरी तुकडी येऊन उचलते.

क्रॉसबोवाले (खटक्याने बाण सोडणाऱ्या आडव्या धनुष्याचे) असतील तर ते तटावरच शोभतात. त्यांचा बाण सरळ जातो, त्यामुळे आपल्याच माणसांच्या मागे उभे केले तर निम्मा वेळ नुसते ताटकळतात. चिलखतवाल्यांवर मात्र त्यांच्यासारखं दुसरं काही नाही. पेटते बाण त्यांना मिळत नाहीत, ते काम धनुष्यवाल्यांचं.

शिडी भिंतीला टेकली की त्या भागातले तिरंदाज खाली उतरवा. जीवावर येतं, पण उतरवाच. भालेवाले दरवाज्याच्या आतल्या रस्त्यावर आडवे, गार्ड मोडमध्ये (म्हणजे जागा न सोडता उभे), आणि धनुष्यवाले त्यांच्या मागे. शत्रू त्या अरुंद बोळात कोंडला की बाण वरून त्याच्या मागच्या रांगांत पडतात. झटापट सुरू झालेल्या जागी मात्र मारू नका, आपलीच माणसं पाठीत बाण खाऊन पडतात. मी एकदा असाच स्वतःचा सेनापती घालवलाय.

तट पूर्ण रिकामाही करू नका. बुरुजांतून मारा व्हायला आपली तुकडी जवळ लागते, म्हणून शिड्यांपासून लांबच्या बाजूला एखादी राहू द्या.

घोडदळ असेल तर ते दुसऱ्या दरवाज्याने बाहेर काढून, वळसा घालून मागून घाला. आणि वेढा पडण्याआधीच शहरात स्वतःचा एखादा हेर ठेवा. शत्रूचा हेर आत शिरला तर लढाईच्या सुरुवातीलाच दरवाजा उघडा मिळू शकतो, मग तटावर कितीही धनुष्यं असली तरी काय उपयोग!