पाणी घातलं की पाणी फिरवलं?

बाय,

ब्राझीलमधल्या बेलेमला 2025 मध्ये झालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान परिषदेवरची तुझी कॉपी काल फेरीबोटीत वाचली. रायबंदर ते चोडण एवढाच वेळ, त्यात फोनवर लाल खुणा करता येत नाहीत, म्हणून घरी येऊन चहा घेतला नि हे लिहायला बसलो. माहिती चोख आहे. आकडे तपासलेस ते दिसतंय. पण पहिल्या तीन परिच्छेदांत मी मोजलं, रणांगण, खडाजंगी, शह, बाजी, तह आणि शेवटी तलवार म्यान. अगो, तिथं माणसं गळ्यात ओळखपत्र अडकवून दोन आठवडे चौकोनी कंसांवर बसलेली असतात. मसुद्यातला जो शब्द सगळ्यांना मान्य नाही तो कंसात, आणि वाटाघाटी म्हणजे एकेक कंस काढायची झटापट. बघ, मीही झटापट लिहून गेलो. चाळीस वर्षं डेस्कवर काढल्यावर हात तिकडेच वळतो.

एक जुनी चूक सांगतो, माझीच. 2021 चा नोव्हेंबर, ग्लासगोची हवामान परिषद शनिवारी लांबत लांबत आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेल्यावर संपली, पान सोडायची घाई, आणि एजन्सीच्या इंग्रजी कॉपीत भारताने करारातली कोळशाबद्दलची भाषा 'वॉटर डाउन' केली असं होतं. म्हणजे पाणी घातलं, पातळ केली. मी मथळा दिला, 'ग्लासगो करारावर भारताने पाणी फिरवलं'. झोप अनावर झालेली, पाणी ते पाणी! सकाळी एका निवृत्त मास्तरांचा फोन, करार झाला की मोडला ते नीट सांगा. मी म्हटलं झाला. मग पाणी कशावर फिरलं? मला उत्तर देता येईना.

दुधात पाणी घालणं वेगळं आणि आशेवर पाणी फिरवणं वेगळं, हे आपल्याला शाळेपासून माहीत असतं, पण भाषांतर करताना विसरायला होतं. बरं, नुसता वाक्प्रचार चुकला असता तर मी इतकं मनाला लावून घेतलं नसतं. पाणी घातलं म्हटलं की लगेच प्रश्न येतो, लोटा कुणाच्या हातात होता? आणि सगळे भारताकडे बघायला लागतात. शेवटच्या बैठकीत 'फेज आउट'चं 'फेज डाउन' करा, म्हणजे टप्प्याटप्प्यानं बंद नको, टप्प्याटप्प्यानं कमी म्हणा, हे भारताचे तेव्हाचे पर्यावरणमंत्री भूपेंद्र यादव बोलले ते खरंच. परिषदेचे अध्यक्ष आलोक शर्मांचा गळा दाटून आला तेही खरं. पण कोळशाच्या बाबतीत हा 'फेज डाउन' शब्द त्याच आठवड्यात अमेरिका आणि चीनच्या संयुक्त निवेदनात येऊन गेला होता. आणि अशा परिषदेच्या निर्णयात कोळशाचं नाव येण्याची ती पहिलीच वेळ, म्हणजे त्याआधी भांड्यात दूधच नव्हतं. तेल आणि गॅस जाळणं कमी करण्याबद्दल तर अक्षर नाही. हे सगळं माझ्या पाच शब्दांच्या पाण्यात बुडून गेलं.

उलट बाजूनं 'भारताची बाजी', 'भारताचा विजय' असले मथळे मारणारेही होतेच, आणि तुझ्या कॉपीतही तसलं एक वाक्य आहे. ते मला जास्त खटकलं. मॅच म्हटली की कोणीतरी जिंकतो आणि लोक घरी जातात. आपल्या गोव्यात कोळसा उतरतो त्या बंदराच्या गावातल्या, वास्कोतल्या एखाद्या बाल्कनीच्या कठड्यावरून बोट फिरव, कोळशाची काळी भुकटी लागेल. त्या घरातल्या बाईला तू नक्की कोण जिंकलं म्हणून सांगणार?

दुसऱ्यांची रूपकं वापर, भरपूर वापर, पण नाव घालून. 2022 च्या परिषदेत संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस गुटेरस म्हणाले की आपण नरकाच्या हायवेवर आहोत आणि पाय ॲक्सिलरेटरवरच आहे, ते त्यांच्या तोंडी शोभतं. ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन ग्लासगोत म्हणाले मध्यरात्रीला एक मिनिट बाकी, आणि ते मराठीत फुकटात मस्त बसतं, बारा वाजायला एक मिनिट! बाकूच्या परिषदेत 2024 ला, विकसनशील देशांना हवामानासाठी 2035 पर्यंत वर्षाला 300 अब्ज डॉलर असं ठरल्यावर भारताच्या प्रतिनिधी चांदनी रैना यांनी त्याला दृष्टिभ्रम म्हटलं. ते त्यांचं मत, बातमीत त्यांच्याच नावावर राहू दे. तू तेच वाक्य अवतरण काढून स्वतःचं म्हणून लिहिलंस.

कधी कधी रूपक नकोच असतं. पॅरिसच्या हवामान करारात 2015 मध्ये अगदी शेवटच्या घटकेला 'शॅल'च्या जागी 'शुड' आलं, म्हणजे श्रीमंत देश उत्सर्जन कमी करतीलच होतं त्याचं करायला हवं झालं, नाहीतर अमेरिकेला तो करार सिनेटपुढे न्यावा लागला असता आणि तिथे तो पास होणं कठीण होतं. एवढं सरळ सांगितलं तरी वाचणारा उठून बसतो. बेलेमच्या आगीचंही तसंच. 20 नोव्हेंबरला तिथं मंडपाला खरोखरची आग लागली, लोकांना बाहेर काढलं, आणि तू त्याच परिच्छेदात 'चर्चेत आग भडकली' लिहिलंस. मला दोनदा वाचावं लागलं की नक्की काय जळलं.

आता 'मुतिरांव' हा शब्द, म्हणजे सगळ्यांनी मिळून काम उरकणं. पोर्तुगीज म्हटल्यावर आपल्याला वाटतं ओळखीचा असणार, पण तो ब्राझीलमधला, मूळ तिथल्या आदिवासींच्या तुपी-ग्वारानी भाषाकुळातला, आणि बेलेमच्या निर्णयाच्या नावातच तो आला. तू 'सामूहिक प्रयत्न' करून मोकळी झालीस, सरकारी परिपत्रकासारखं. तू तर खाजनाच्या, खाडीला बांध घालून केलेल्या शेताच्या काठावर वाढलेली मुलगी! बांधाला भगदाड पडलं की अख्खा वाडा चिखलात उतरायचा, कारण खारं पाणी एकदा शेतात शिरलं की ते मीठ धुऊन निघायला पावसाळे जातात, आणि मानशीची, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या झडपेची दारं ओहोटीला आपसूक उघडतात, भरतीला मिटतात, पण त्यांनाही कोणीतरी बघावं लागतं. हे लिही. फक्त लगेच भाबडी होऊ नकोस. गावकारीत, म्हणजे गावची जमीन सामाईक राखायच्या जुन्या गोंयकार पद्धतीत, नफ्याचा वाटा गावकार पुरुषांना मिळायचा, चिखलात उतरणाऱ्या मुंडकारांना (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्यांना) आणि बायकांना नाही. बेलेममध्येही सगळे एकत्र म्हणताना कोण चिखलात आणि कोण वाट्याला, हे त्या गोड शब्दाखाली झाकलं जातंच की. खनिज इंधनातून बाहेर पडायचा रोडमॅप ऐंशीवर देशांनी मागितला तो शेवटच्या मसुद्यात आलाच नाही, ते तू दहाव्या परिच्छेदात टाकलंस. वर घे.

गुरुवारपर्यंत दुसरा खर्डा पाठव, पुरवणीचं पान शुक्रवारी लागतं. तलवार तेवढी आजच काढून टाक.

तुझा,
डेस्कवरचा म्हातारा